काशीबाईची पोर

वागळे इस्टेटमधल्या माझ्या पहिल्या नोकरीतला बुधवार होता तो. एकोणनव्वद साल असेल. संध्याकाळी टाइपरायटरवर कव्हर घालत होते, तेवढ्यात अकाउंट्सच्या सुलभाताई आल्या... "अगं, जावई पहिल्यांदाच जेवायला येतायत. पापलेट घ्यायचीत, चल ना सोबत!"

मी कोळ्यांची मुलगी, आई ठाण्याच्या मार्केटात मासे विकते, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नाक मुरडून म्हणालं होतं, "काय वास येतोय... मच्छीवाली येऊन गेली की काय?" सगळे हसले. माझ्याबद्दल नव्हतंच ते बहुतेक, पण सगळ्यात मोठ्याने मीच हसले.

तेव्हापासून रोज लिंबाने हात घासायचे, केसांना वासाचं तेल लावायचे आणि डब्यात कायम कोबी न्यायचे. (कोबी मला अजिबात आवडत नाही!) आईच्या टोपलीसमोरून जायला नको म्हणून मार्केटला वळसा घालायचे. आईला सगळं कळत होतं, पण वर्षभर ती एका शब्दाने बोलली नाही.

सुलभाताई कळव्याच्या, मार्केटही तिथलंच, आईचं नव्हे, म्हणून मी हो म्हटलं.

तिथे एका मावशीने मोठाली पापलेटं पुढे केली. ताई चकाकी बघूनच खूश, पिशवी उघडलीसुद्धा... मला मात्र उभ्या उभ्या कळलं होतं की ही कालची आहेत.

गप्प बसले तर जावयासमोर ताईंची फजिती. बोलले तर माझं बिंग फुटणार...

मग वाकलेच. पापलेट उचललं आणि कल्ल्यापाशी अंगठ्याने दाबलं. ताजं असलं की पाणी पांढरं येतं, याचं लालसर आलं. "मावशी, हे कालचं आहे. आजचं काढा."

मावशी आधी माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग तोंडाकडे. "कोनाची पोर गो तू?"

सुलभाताईही बघत होत्या. माझा आवाज निघाला तो खणखणीत... "काशीबाईची. ठाण्याच्या मार्केटात बसते ना, तिची."

"काशीची? मंग आधी नाय का सांगायचं!" असं म्हणत तिने मागच्या टोपलीतली ताजी पापलेटं काढली. ताई हसायलाच लागल्या. "अगं, मग वर्षभर माझ्या शेजारी बसून कोबी काय खातेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वळसा घातला नाही. ऑफिसची साडी, खांद्याला पर्स, अशीच आईच्या टोपलीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आई, येते गं."

आईचा कोयता हातातच थांबला. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "माजी पोर हाय. हापिसात टायपिंग करते." आणि पदराने डोळे पुसून पुन्हा मासे कापायला लागली.

वर्षभर मी तिला लपवत होते, आणि ती मला निमूटपणे लपू देत होती... आता कुणीही माझी ओळख विचारली की मी आधी तिचं नाव सांगते.