सतराव्या स्लाईडला आलेला वास

भूतबीत मानणाऱ्यातला मी नाही. आमच्या पारनेरात लोकांनी मला पिंपळाखाली झोपवून पाहिलंय; सकाळी पिंपळच घाबरलेला होता म्हणे! त्यामुळे खाली लिहितोय त्याला थाप म्हणायचं तर म्हणा… माझ्या बाकीच्या गोष्टींना म्हणताच. पण हे लिहितानासुद्धा मी नाकाला रुमाल लावलाय.

बाजारपेठेत खताच्या दुकानावर माझं ऑफिस. कंपन्यांचे ट्रेनिंग कोर्स मी कॉम्प्युटरवर बनवून देतो. माझी मावसबहीण सुषमा एका डेअरीत दुधाची क्वालिटी बघते, टेम्पररी. 'दुधाची स्वच्छता' हा कोर्स त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अपलोड झाला तरच ती पर्मनंट होणार होती. स्लाईड तिच्या, कोर्स माझा.

तिची फाईल कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टला टाकली. सोळा स्लाईड लोण्यासारख्या आत. सतराव्याला — एरर. तिच्यावर सुषमाने त्याच सकाळी एका वाडीवरच्या संकलन केंद्रात काढलेला फोटो होता: दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी, झाकण बंद, आरशासारखी लखलखीत.

फाईलचं मराठी नाव बदलून इंग्रजी केलं. पेनड्राईव्हवरून डेस्कटॉपवर घेतली. मागे उघडं राहिलेलं पॉवरपॉइंट बंद केलं, फोटोची साईझ कमी केली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. सतराव्याला एरर! तोच फोटो नव्या कोऱ्या फाईलमध्ये एकटा टाकला — तरी एरर.

आणि मग वास आला. लॅपटॉपच्या जाळीतून, गरम हवेबरोबर. उन्हात आठवडाभर बंद राहिलेल्या डब्यातली कढी, तिच्यात ओला पायमोजा… नाही, त्याहून घाण! खालच्या दुकानातला युरियासुद्धा नाक दाबून बसला असेल. सतरावी स्लाईड काढली की वास जायचा, परत टाकली की घशाशी यायचं.

सुषमा आली ती दारातच थबकली. संकलनावर कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक लावायचं, मगच दूध ओतून घ्यायचं, ही तिची रोजची सवय. तशीच ती लॅपटॉपवर वाकली.

"दादा, नासलंय हे."

"अगं बाई, लॅपटॉप हाय तो, कॅन न्हाई!"

तिचं लक्षच नव्हतं. स्क्रीनवरचा टाकीचा फोटो बघून तिने त्याच केंद्रावरच्या बबनरावांना फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, फॅट ओके, एसएनएफ ओके. टँकर दारात उभा हाय. आश्रमशाळेचं दूध हाय, पोरं वाट बघत्यात."

"वास घेतला का?"

"…मशीनवर सगळं ओके हाय ना."

"बबनराव, वास घेतला का?"

"मला लई सर्दी झालीय वो, दोन दिस झाले. नाकच बंद हाय."

सुषमाने माझ्याकडे पाहिलं. टँकर अडवायचा आणि दूध चांगलं निघालं, तर पर्मनंट सोडा, आहे ती नोकरीही गेली. आणि कारण काय सांगणार — दादाचा लॅपटॉप नासला?

"टँकर भरू नका. वहिनींना झाकण उघडून वास घ्यायला सांगा."

झाकणाचा आवाज आला. मग बबनरावांच्या बायकोच्या ओकाऱ्यांचा. "उंदीर हाय वो आत! फुगलाय… केस सुटल्यात सगळे दुधात…"

मी जिन्यात जाऊन सकाळचा नाष्टा खतवाल्याच्या पोत्यांवर अर्पण केला.

दूध खड्ड्यात गेलं. टाकी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतल्याचा फोन आला, तेव्हा सहज म्हणून तीच फाईल, तोच फोटो इम्पोर्टला टाकला. एका क्लिकमध्ये आत! वास नाही, काही नाही. कोर्स वेळेत गेला. टँकर का अडवला, असं वरून विचारलं तेव्हा सुषमाने 'अचानक तपासणी' असं लिहून दिलं. साहेब खूश, बाई पर्मनंट.

फोटोत वास कसा शिरला, बंद झाकणाआडचं सॉफ्टवेअरला कसं कळलं… मला आजतागायत उलगडलेलं नाही. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला सगळं सविस्तर कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कृपया हीच एरर पुन्हा एकदा घडवून दाखवा.'

घडवून दाखवा म्हणे! उंदीर तुम्ही पाठवताय का?