गाडीच्या तोंडात अक्षता: पांडेसरा ते साक्री, विजेच्या गाडीने

मोबाइलची वायर व्याह्यांच्या घरी विसरून येणारी माणसं तुम्ही, आणि विजेची गाडी भाड्यानं घेऊन गावाला जायची स्वप्नं बघता. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगते, नाहीतर शेवटपर्यंत येता येता तेही विसराल. गाडीला हार घाला, नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. पण चार्जिंगच्या तोंडाला अक्षता वाहू नका. का, ते ऐका.

आम्ही सुरतला पांडेसरात राहतो, मूळचे साक्रीकडचे. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. जुन्या नारळालाच नथ घालून, साडी नेसवून रविवारी संध्याकाळी देवी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची आणि नारळ जपून परत आणायचा. सगळ्या भाऊबंदांत मिळून नारळ एकच. गावचं घर गळायला लागलं तेव्हा तो मी सुरतला आणला. आता तिकडे स्लॅबचं पक्कं घर झालं, तशी माझी धाकटी जाऊ शांता तो परत मागायला लागली. यंदा तिनं फोनवर अटच घातली, दिवाबत्तीच्या आत नारळ पोचला तर ठीक, नाहीतर इथून पुढं तो गावातच राहील.

मला ते नको होतं. नारळ माझ्याकडे, म्हणून गाव माझी वाट बघतं. नारळ गेला की मी नुसती पाहुणी. चहा घेतला की सुटले.

त्या दिवसांत भुसावळकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, अर्धं पांडेसरा निघालेलं असतं. नात कोमल म्हणाली, "आजी, इलेक्ट्रिक गाडी घेऊ. पेट्रोलच्या मानानं खर्च काहीच नाही." हे टाइप करणारीही तीच आहे, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट काही इथं सापडणार नाही. मी बोलले होते बरंच.

गाडी रविवारी सकाळी दारात आली, पांढरी, आवाज नसलेली. मी तिची पूजा केली. पेट्रोलच्या गाडीला आपण बोनेटवर कुंकू लावतो. पण ही जिथून खाते तिथं पहिला मान द्यायला नको? कोमलला झाकण उघडायला लावलं आणि हळदकुंकू, अक्षता सगळं तिथंच वाहिलं. गाडी चालवणारा माझा मुलगा भास्कर. तो म्हणाला, "माय, बास. तिला जेवायला वाढतेस का?"

निघालो. बारडोलीपर्यंत रस्ता लोण्यासारखा, दोन्हीकडे ऊस. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, जमल्यास. भाड्याची गाडी भरलेलीच मिळेल असं नसतं. आमची अर्ध्यावर होती आणि पुढे नवापूरनंतर कोंडाईबारीचा घाट. म्हणून व्याऱ्याजवळ एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबलो. तिथला चहा चांगला, खमण कोरडं.

चार्जरला ॲप लागतं, ॲपला पैसे लागतात, पैशाला ओटीपी लागतो आणि ओटीपीला रेंज. कोमल हात वर करून आवारभर फिरली, लग्नात फोटो काढणाऱ्यासारखी. ओटीपी आला. भास्करनं चार्जरची ती गन गाडीत खुपसली. मला अक्षर येत नाही, पण लाल दिवा कळतो. लाल.

मशीनवर एक मोठं लाल बटण होतं, ते कोणीतरी दाबून ठेवलेलं. फिरवून मोकळं केलं. तरी लाल. शेजारच्या मशीनला गाडी लावली. तिथंही लाल. तेव्हा मला आपली शंका आली, की दोन्ही मशीन एकदम कशी रुसतील. पण मी कोण बोलणारी.

मागे एक सुरती गृहस्थ त्यांची गाडी घेऊन ताटकळले होते. काच खाली करून, वेळ लागेल का म्हणून विचारलं, "माजी, वार लागशे?"

"लागशे," म्हटलं. "तमे चा पी आवो."

भास्करनं गाडीवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. गाडी बंद करा, कुलूप लावा, उघडा, गन काढून परत लावा. सगळं करून झालं. मग तिनं विचारलं, "सर, पोर्टमध्ये काही अडकलंय का बघा."

कोमलनं मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. कडेच्या खोबणीत तांदळाचा दाणा कुंकवासकट बसला होता, त्यामुळे गन पूर्ण आत जात नव्हती.

"मॅडम," भास्कर फोनवर म्हणाला, "तांदूळ आहे."

"काय सर?"

"अक्षता. आमच्या आईनं वाहिल्यात."

पलीकडे ती पोरगी बहुतेक फोन लांब धरून हसत होती.

मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. कोमलनं तो हिसकावून घेतला. विजेच्या तोंडात लोखंड घालायचं नाही, पाणी तर नाहीच, हे हेल्पलाइनवालीनंही बजावलं. गाडी बंद ठेवून, दात घासायच्या कोऱ्या कोरड्या ब्रशनं तो दाणा काढला. ब्रश कोमलचा. नवा होता म्हणून काय झालं, अजून ऐकवते.

हिरवा दिवा लागला, पण वेळ जायची ती गेली होती, म्हणून गाडी पुरती न भरताच निघालो. सोनगडनंतर भास्करनं एसी बंद केला. नारळाचा डबा मांडीवर, घाम कपाळावर. नवापूरला कोणी काही खाऊ म्हणालं नाही. घाटात ट्रकांमागे मुंगीच्या चालीनं चढताना मी देवीला म्हटलं, तुला एवढं कळत असेल तर जरा ढकल. उतारावर गाडीची बॅटरी आपोआप थोडी भरते म्हणे. तेवढं तिनं केलं.

पोचलो तेव्हा घराघरात दिवे लागलेले होते. आमच्या दारात मात्र अंधार. शांता समई पुढ्यात घेऊन बसलेली, न लावता. मी डबा दिला. तिनं नारळ काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "आते देवीले बी चार्जिंग लागस का?"

सगळं घर हसलं. मीही हसले, काय करणार. मग समई लावता लावता ती हळूच म्हणाली, "नारय आते आठेच ऱ्हाई, बाई."

नारळ आता तिथंच राहणार, तरी मी भांडले नाही. अट तिची होती, उशीर माझा. माझ्यासाठी वात कोरडी ठेवली होती तिनं. त्यावर काय बोलायचं?

येताना व्याऱ्याला त्याच मशीनवर गाडी पहिल्या फटक्यात लागली. मांडी रिकामी होती, म्हणून खमण परत घेऊन पाहिलं. कोरडंच.

घरी आल्यावर वाटलं, झालं, आता गावाला माझं काम नाही. पण शांताचा फोन रोज यायला लागला आहे. नारळाला पिवळं कापड की लाल? खोबरेल किती लावायचं? उंदीर लागतील का? नारळ माझ्याकडे होता तेव्हा बाईनं वर्षातून दोनदा फोन केला असेल तर शपथ. सगळं एकदम सांगायला मी काय वेडी आहे. रोज एकच सांगते.

तेव्हा शांता, नातवाकडून हे वाचून घेशील तेव्हा ऐक. फुकट सल्ला बंद. ज्वारीच्या बिबड्या पाठव, लसूण जास्त घालून, उन्हात कडक वाळवलेल्या. कळण्याच्या भाकरीचं पीठ पाठव, पण उडीद हात राखून घालू नकोस. मिरच्या नकोत, तुझा फोन पुरतो.