अप्पा पूजेला बसलेत

आमचे अप्पा हट्टी आहेत, हे आधीच सांगून टाकते. उमाशंकर नाव, वय चौऱ्याहत्तर. उदगीरला चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं. गिऱ्हाईकानं घागर वाजवून बघितली की ह्यांच्या कपाळावर आठी. "मी वाजवूनच ठेवलीय," म्हणायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, गेली तेव्हा मी म्हटलं, चला लातूरला, माझ्याकडं राहा. तर म्हणे, "लेकीच्या दारात म्हाताऱ्यानं पडून राहायचं व्हय? मला माझं घर हाय." संपला विषय. शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत, आणि इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही हे व्रत आहे. डॉक्टरांनी समजावलं, मठातल्या स्वामींनीही समजावलं. ऐकतील तर अप्पा कसले.

मार्च महिन्यात ते न्हाणीत चक्कर येऊन पडले. दोन टाक्यांवर भागलं, पण तेव्हापासून मी दिवसातून दहा वेळा फोन करायला लागले. मी इकडं लातूरला एका लॅबच्या काउंटरवर, ते तिकडं पासष्ट किलोमीटरवर एकटे. मग आमच्या ह्यांनी, म्हणजे राजशेखरनी, तिथल्या माजघरात कॅमेरा लावून दिला. देवघर, स्वयंपाकघराचं दार, अप्पांची खुर्ची, सगळं माझ्या मोबाइलवर दिसायचं, बोललेलं ऐकू यायचं. पहाटे उठले की आधी अप्पा बघायचे, मग चहा ठेवायचा. लॅबमध्ये रिपोर्टच्या गठ्ठ्याला मोबाइल टेकवून ठेवायचा आणि रक्त द्यायला आलेल्यांची नावं लिहिता लिहिता बघत राहायचं. लोक हसायचे. हसू देत.

घरात वायरचं इंटरनेट होतं. पण रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि दर आठवड्याला कुणीतरी वायर तोडायला लागलं. फोन करावा तर, तक्रार नोंदवलीय मॅडम, अठ्ठेचाळीस तास थांबा. अहो, अठ्ठेचाळीस तास मी काय डोळे मिटून बसू? श्रावणात तिसऱ्यांदा तुटली तेव्हा माझं डोकंच फिरलं. उदगीरच्या व्यंकटचं मोबाइलचं दुकान आहे, त्याला म्हटलं, काढून टाक ती वायर, दुसरं काहीतरी बसव. त्यानं रविवारी संध्याकाळी सिमकार्डवर चालणारा डबा आणून लावला. "ताई, आता तुटायचा सवालच न्हाई," म्हणाला. "दिवसाला दोन जीबी. एका माणसाला लई झालं." मी हो हो म्हणाले. चित्र स्वच्छ दिसत होतं, मला तेवढंच पाहिजे होतं.

दुसरा दिवस श्रावणी सोमवार. मी पाचलाच उठून बघायला लागले. अप्पा उठले, अंगण झाडलं, अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली. नऊच्या सुमारास देवघरासमोर बसले. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, हात छातीपुढं धरला आणि त्यावर नजर लावली. आमच्याकडं ही पूजा अशीच. एकदा नजर लावली की हलायचं नाही, बोलायचं नाही. अप्पा तर फोनही बंद करून ठेवतात. एरवी अर्धा तास बसतात, श्रावणी सोमवारी तास-दीड तास.

साडेनऊला बघितलं. बसलेत. दहाला बघितलं. बसलेत. माझ्यासोबत काउंटरवर आरती असते, तिला मी मोबाइल दाखवला. "बघ, पापणी तरी लवतीय का," मी कौतुकानं म्हणाले. ती म्हणाली, "तुझ्या अप्पांना हात जोडायला पाहिजेत बाई." सोमवारची गर्दी होती. सव्वादहाला बघितलं, बसलेत. मी निवांत होते, खरंच निवांत होते. तेवढा निवांतपणा मला सहा महिन्यांत मिळाला नव्हता.

पावणेअकराला एका बाईला रिपोर्ट देता देता नजर गेली. अप्पांच्या शेजारी उदबत्ती होती. तिचा धूर वर गेला होता आणि एका ठिकाणी वाकडा झाला होता. तो तसाच होता. मी जवळ नेऊन बघितलं, धूर हलत नव्हता. मग चित्राच्या कोपऱ्यात बारीक आकड्यात वेळ लिहिलेली असते ती वाचली. नऊ वाजून बारा मिनिटं.

दीड तास मी चित्र बघत बसले होते. फोन लावला, बंद. परत लावला, बंद. शेजारच्या सरजाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, "सकाळपासून दिसले न्हाईत ग. थांब, बघून येते." आणि फोन चालूच ठेवून गेल्या. मला त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता. पाच मिनिटांनी आल्या. "मंजू, दार आतून लावलंय. हाका मारल्या, ओ देईनात. आमच्या मालकांना भिंतीवरून उतरवते," म्हणाल्या. मालक म्हणजे नरसिंगकाका, साठी उलटलेले. त्यानंतर फोन कट झाला आणि पुन्हा कुणी उचलला नाही.

राजशेखर मोटारसायकल घेऊन आले. मी मागं बसले. एका हातानं त्यांचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर अप्पा अजून पूजेलाच बसलेले होते. बंद करायची हिंमत होईना. वाटायचं, बंद केलं तर हेही जाईल. डोक्यात नको नको ते येत होतं. पूजा उरकून उठले असतील, उपाशीपोटी, शुगर उतरली असेल, उंबऱ्याला अडखळले असतील. डोक्याला लागलं असेल का? मी देवाचं नाव घेत होते आणि मधेच व्यंकटला शिव्या घालत होते.

नळेगावला पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा त्यालाच फोन लावला. चांगलं झापलं. तो बिचारा ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, थांबा, बघतो." मग म्हणाला, "डबा चालू हाय. डेटा संपलाय तुमचा. पहाटेपासून कॅमेरा कुणीतरी सारखा बघतंय. त्यात गेला सगळा."

मी फोन ठेवून दिला. राजशेखरनी विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, काही नाही, चला.

गावाच्या अलीकडं अनोळखी नंबरवरून फोन आला. नरसिंगकाका होते. "दवाखान्यात आणलंय, तिकडंच या," एवढंच बोलले आणि आवाज तुटला. दवाखान्यात जिवंत माणसाला नेतात आणि मेलेल्यालाही नेतात. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. राजशेखर काहीतरी बोलत होते, मला एक अक्षर कळलं नाही.

अप्पा खाटेवर होते. सलाईन लावलेलं, एक पाय फळीला बांधलेला, खुबा मोडला होता. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली होती. डोळे उघडे होते. मी त्यांचे पाय धरायला गेले आणि मोडलेला पाय आठवून हात मागं घेतला. सरजाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या दारात पडले होते. साडेनऊला गरगरायला लागलं म्हणून पूजा सोडून पाणी प्यायला उठले, तवाच पडले म्हणतेत."

साडेनऊला. म्हणजे मी आरतीला मोबाइल दाखवला तेव्हा अप्पा फरशीवर होते.

त्यांनी मला बघितलं. ओठ कोरडे पडले होते, आवाज बसला होता.

"लई हाका मारल्या तुला," अप्पा म्हणाले. "त्या कॅमेऱ्याकडं तोंड करून. मंजू, मंजू म्हणून. दीड तास."

मी रुमालानं त्यांच्या भुवईतली विभूती पुसायला लागले.

"मला वाटलं तू बघतीयस."

"बघत होते, अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. रागानं नव्हे, कळत नसल्यासारखं.

"मग?"