कासरा न ओढणारा धुरकरी

धुरकरी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे, निंदा मात्र तोंडावरच करी. आंजी गावच्या या माणसाने जन्मभर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या पळवल्या. जोडी हाकणारा तो धुरकरी, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. वॉर्डात आला त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला त्याने सांगितलं, "तुही फेरी काई पुरी होत नाई." तो रोगी खरंच गेला, तेव्हा धुरकरी दोन दिवस नीट जेवला नाही. अशा माणसावर रागवावं तरी कसं!

त्याला रक्ताचा कॅन्सर होता. त्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायचा उपचार एकदा झाला होता. काही महिन्यांत त्या पेशी थकल्या आणि आजार उलटला. मी त्याची डॉक्टर, आणि आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम या थकव्यावरच चाललं होतं. सहज न थकणाऱ्या नव्या पेशींच्या चाचणीला तो लगेच तयार झाला. पहिल्या पेशींबद्दल मात्र नालायक पोरांबद्दल बोलावं तसं बोले, "माह्याच रक्ताचे, अन् आळशी निंघाले."

जोडी सुटल्यावर आपण कधी कासरा ओढला नाही, हा त्याचा मोठा अभिमान. त्यापायी एकदा एका बैलाचा पाय मोडला होता. हे सांगताना त्याच्या आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता. "कासरा ओढ्याचा असन त पटात काऊन येता?" असं तो मलाच विचारी, जणू मी कुठे बैल घेऊन निघाले होते.

नव्या पेशी दिल्यावर मी त्याला आणि त्याच्या बायकोला बसवून समजावलं. ताप येईल, म्हणजे पेशी कामाला लागल्या. पण त्या बेभान झाल्या तर माणसालाच मारतात. म्हणून ताप दिसताच यायचं, त्यांना आवरायचं औषध आहे. त्याने एवढंच विचारलं, की त्या औषधाने पेशी ढिल्या पडतात का. थोड्याफार पडू शकतात, पण जीव वाचतो, असं मी म्हटलं.

दवाखाना जवळ पडावा म्हणून तो नालवाडीला बहिणीकडे राहिला. तिथे ताप चढला. बायको फोन करायला उठली, तर त्याने तिचा हात धरला. "आता पळून राह्यले थे. कोणी कासरा ओढू नोका." तिने आयुष्यभर त्याचं ऐकलं होतं, तेव्हाही ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो तिलाच ओळखेना, तेव्हा ऑटोत घालून तिने त्याला आणलं. होतं नव्हतं ते सगळं औषध आम्ही दिलं. तो शुद्धीवर आलाच नाही. मला त्याचा अजून संताप येतो, आणि त्याच्याइतका लळा मला दुसऱ्या कुठल्याच रोग्याने लावला नाही.

शेवटच्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल तो गेल्यावर आला. कॅन्सरची एकही पेशी सापडली नव्हती. प्रयोगशाळेत ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यांचे चेहरे खुलले. त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येईना.

त्याची बायको मृत्यूचा दाखला न्यायला आली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. पदराचं टोक चाळवत तिने विचारलं,

"मंग थे बरे होऊन मेले काय जी?"

मी हो म्हणाले.