शनिवारचा स्टार्टर

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी उजवा खांदा दुखायला लागतो. नोकरीत मी दंगली पाहिल्या, दरोडे उघडकीला आणले, आरोपींच्या मागे उसाच्या फडातून धावलो. पण भर बाजारात, अंगावर युनिफॉर्म असताना, एका जुन्या व्हॅनला मागून धक्का मारायची वेळ माझ्यावर एकदाच आली. ती कशी आली ते सांगतो. नावं कुणाचीच घेत नाही. संबंधित मंडळी अजून त्याच रस्त्यावर राहतात आणि त्यातल्या एका बाईंना मी अजूनही घाबरतो.

तेव्हा मी नगर जिल्ह्यात, शनिशिंगणापूरच्या वाटेवरच्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार आला की निम्मा स्टाफ बंदोबस्ताला जायचा आणि उरलेला निम्मा, बंदोबस्ताला गेलेल्यांना डबा पोचला का, या चिंतेत असायचा. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर भाविकांची ने-आण करणाऱ्या व्हॅनचा स्टँड होता. देवाच्या गावात घरांना दारं नाहीत, मग आपण गाडीला कुलूप कशाला लावायचं, असा तिथल्या चालकांचा विचार. रात्री व्हॅन तशाच उघड्या उभ्या असायच्या आणि कधी काही जात नव्हतं.

मग जायला लागलं. कुणाचा अल्टरनेटर, कुणाचा कार्बोरेटर, कुणाचा जॅक. चालक सुरुवातीला फिर्याद द्यायलाच तयार होईनात. या रस्त्यावर चोरी होत नाही, असं रोज भाविकांना सांगणारे हेच लोक. आता ठाण्यात कोणत्या तोंडानं यायचं? अखेर स्टँडशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारा एक मेकॅनिक पुढे झाला. त्याची स्वतःचीही एक व्हॅन होती. तिचा स्टार्टर गेला म्हणून त्यानं ठाण्याच्या दारात एवढा आरडाओरडा केला, की त्याच्या मागून बाकीचे तिघेही आले. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. स्टँडवर सीसीटीव्ही होता, पण बसवणाऱ्यानं त्याचं तोंड रसवंतीकडे केलं होतं. रोज किती ऊस पिळला गेला एवढंच त्यातून कळलं.

खबर दिली चहावाल्यानं. चहाचा ग्लास ठेवता ठेवता तो कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, त्या नानाला उचला."

"का?"

"शनवारी लोखंड आनतो."

"म्हणजे?"

"भर शनवारी, पिशवीत घालून, उजळ माथ्यानं घरी आनतो. जो मानूस शनिदेवाला भीत न्हाई, त्यो तुमाला काय भिनार?"

कायद्यात या युक्तिवादाला जागा नाही, पण आमच्या भागात त्याला वजन होतं. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, घरात आणू नये, हा नियम तिथे ट्रॅफिकच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो. शिवाय या नानांकडे जुनी व्हॅन होती आणि तिचे पार्ट ते सारखे बदलत असत, ही माहिती खरी निघाली. मी शिपाई पाठवला. शिपाई मोटारसायकलवर गेला आणि परत आला तो नानांच्या व्हॅनमध्ये बसून, कारण मोटारसायकल तिकडेच बंद पडली होती.

नाना भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये मुलकी नोकरीत होते, तिथून निवृत्त झालेले. चौकशीला मी नेहमी एक पद्धत वापरत असे: सुरुवातीला काहीच विचारायचं नाही, समोरच्याला शांतता खायला द्यायची. नानांनी शांतता मिळू दिली नाही.

"साहेब, गॅरेजवाला हात लावायचे बी पैशे घेतो. म्हनून मी सगळं सोता करतो. पार्ट आनायला जाताना जुना पार्ट फडक्यात गुंडाळून न्यायचा. पन काढायचा न्हाई लगीच! गरज दाखवली की मेलो. आधी दुकानदाराच्या पोरीच्या शिक्षनाची चौकशी करायची. मग सहज म्हनायचं, हे काय पडलंय हो इथं? नव्या डुप्लिकेटपेक्षा जुना वरिजनल चांगला. बेरिंग फिरवून कानाला लावायचं. गोड वाजलं तर घ्यायचं, खरखरलं तर नमस्कार करून निघायचं."

मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, "नाना, माझी गाडी चढाला दम टाकते, ते कशानं?" मी त्याला बाहेर काढला.

"ते राहू द्या," मी म्हणालो. "शनिवारीच का जाता भंगार बाजारात?"

नाना पुढे सरकले. "त्येच तर गुपित हाय, साहेब. शनवारी लोखंडाला गिऱ्हाईकच नसतं. दुकानदार माश्या मारत बसलेला. त्या दिशी जेवढ्यात देतो तेवढ्यात बाकी कवाच देत न्हाई. कुनाला सांगू नका, न्हाईतर समदे शनवारी येतील."

हा गुन्हेगाराचा जबाब वाटत नव्हता. पण खात्री होईपर्यंत मी व्हॅन, जप्तीचा कागद न करता, ठाण्याच्या आवारात लावून घेतली, आणि इथे माझं चुकलं नसलं तरी नशीब फिरलं. आमच्या आवाराची कीर्ती साऱ्या तालुक्यात होती. एकदा गाडी आत आली की न्यायालयाचा आदेश येईपर्यंत हलायची नाही, आणि आदेश येईपर्यंत ती हलण्याच्या लायकीची राहायची नाही. एका टेम्पोच्या बॉनेटमधून दोडक्याचा वेल वर आला होता. दोडके चांगले लागायचे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नानांच्या पत्नी रिक्षातून ठाण्यात आल्या. गुडघे धरत पायऱ्या चढल्या, आवारात व्हॅन पाहिली, वेल पाहिला, आणि थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, गाडी जप्त करायची तर करा. पन सोमवारी करा."

"वहिनी, बसा आधी."

"बसत न्हाई. बसले की उठता येत न्हाई. परवा रविवारी श्रीरामपूरला माझ्या भाचीचं लगीन हाय. माझा दादा समद्या भावकीत म्हनला, त्या डब्यात बसून तू काय श्रीरामपूर बघत न्हाईस. वर्सभर नाना त्या गाडीखाली झोपलेत, त्या एका लग्नासाठी. मी माहेराला जाईन तर माझ्या गाडीतनं जाईन. न्हाईतर जानारच न्हाई!"

मी ठाण्याच्या खर्चानं दुसरी गाडी करून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो विषय सोडला. मग त्या, गाडीच्या काळजीनं सकाळपासूनच ठाण्यात येऊन बसलेल्या नानांकडे वळल्या.

"शनवारी लोखंड आनू नका, आनू नका, सांगून जीव गेला माझा. बघा, आली का साडेसाती? चोराला बी तुमच्यापरीस जास्त कळत असंल!"

नानांनी मान खाली घातली. मी मात्र फिर्यादींची फाइल ओढली. अल्टरनेटर सोमवारी गेला. कार्बोरेटर बुधवारी, जॅक गुरुवारी, स्टार्टर मंगळवारी. शनिवारीही चोऱ्या झाल्या होत्या, किरकोळ म्हणून त्या आम्ही फिर्यादीच्या शेपटाला लिहिल्या होत्या: एक आरसा, पायाखालचे रबरी मॅट, सीटचं कव्हर. शनिवारी एक खिळासुद्धा गेला नव्हता. चोर शनिवारी ड्युटीवर होता, पण लोखंडाला हात लावत नव्हता.

वहिनी अगदी बरोबर बोलल्या होत्या. चोराला नानांपेक्षा जास्त कळत होतं, आणि अख्ख्या तालुक्यात शनिवारी बिनदिक्कत लोखंड आणणारा एकच माणूस होता, जो मी पकडून आणला होता.

आता चोर देवभोळा आहे, एवढ्यावर कुणाला अटक करणार? साऱ्या तालुक्यालाच करावी लागली असती. पण काम पान्याचं आणि सराईत हाताचं होतं, म्हणजे माणूस स्टँडवरचा. अनुभवानं मला एक कळलं होतं, ज्याची फिर्याद सगळ्यात मोठ्या आवाजात असते ती पुन्हा एकदा वाचावी. मी वहिनींना विचारलं, "समजा, चोरीला गेलेली वस्तू शनिवारी परत मिळाली, तर घरी न्यावी का?"

"आपलीच वस्तू हाय, तिला कसला शनवार?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची असली तर मात्र न्हाई. नख बी लावू नये."

हे मला कुठल्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवलं नव्हतं. मी नानांना बाजूला घेतलं. त्यांच्या घरच्या ट्रंकेत जुना अल्टरनेटर, कार्बोरेटर आणि जॅक होता. स्टार्टर तेवढा जादा नव्हता. नानांनी व्हॅनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आपल्याच गाडीचा स्टार्टर काढायला पाना मागितला. "उद्या संध्याकाळच्या आत स्टार्टर आणि गाडी, दोन्ही परत," मी वहिनींना शब्द दिला.

शनिवारी सकाळी चारही फिर्यादींना निरोप गेला: माल सापडलाय, ओळख पटवून आजच्या आज घेऊन जा. माल टेबलावर मांडला. हे नियमात बसतं का, असं विचारू नका. मी आता निवृत्त आहे.

पहिल्यानं अल्टरनेटर पाहिला मात्र, "ह्योच माझा!" म्हणून छातीशी धरला. दुसऱ्यानं कार्बोरेटर उचलला आणि त्याच्यावरचा ओरखडासुद्धा आपल्या ओळखीचा असल्याचं सांगितलं. नाना कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसले होते. तिसरा जॅक घेऊन गेला. शनिवार कुणालाच आठवला नाही.

मेकॅनिक टेबलापासून चार हात दूर उभा राहिला.

"घे की तुझा स्टार्टर," मी म्हणालो.

"घेतो की, साहेब. उद्या नेतो."

"आज का नाही?"

"शनवार हाय न्हवं."

"तुझीच वस्तू आहे. तिला कसला शनिवार?"

त्याच्या व्हॅनचा स्टार्टर कधी गेलाच नव्हता, त्यामुळे समोरचा स्टार्टर आपला नाही, हे त्या खोलीत नानांखालोखाल त्यालाच पक्कं ठाऊक होतं. मी स्टार्टर उचलून त्याच्यापुढे धरला. तो दोन पावलं मागे सरला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"बरं, नेऊ नको. हा माझा आहे एवढं शनिदेवाची शपथ घेऊन सांग, म्हणजे झालं."

आतापर्यंत माझ्यासमोर भलेभले तासन् तास टिकले. हा चहा यायच्या आत फुटला. चोऱ्या त्यानंच केल्या होत्या. माल रॉकेलनं धुऊन, पुसून, तो त्याच चालकांना 'जुना वरिजनल' म्हणून स्वस्तात बसवून द्यायचा. बिचारे त्याचे आभार मानायचे. जबाब लिहून झाल्यावर तो हात जोडून म्हणाला, "साहेब, चोरी केली, कबूल हाय. पन शनवारी लोखंडाला हात लावला न्हाई, तेवढं लिवा." मी लिहिलं. पुढे त्यानं निवेदन केल्याप्रमाणे पंचांसमक्ष शेडमधला टायरचा ढीग हलवला, तर खाली उरलेला माल सापडला. जागा त्यानं बोटानं दाखवली. माल मात्र पंचांना उचलावा लागला.

मी खुशीत होतो. चालकांना बोलावून, खरा प्रकार सांगून, नानांचे पार्ट परत घेतले. जॅकवाला थोडा भांडला. संध्याकाळी स्टार्टर न्यायला मुद्देमाल कारकुनाकडे गेलो. हे हवालदार अत्यंत काटेकोर. टेबलावर दिसेल ती वस्तू सील करायची त्यांना सवय. एकदा माझा चष्मा थोडक्यात वाचला होता. स्टार्टर कापडात शिवलेला होता, वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल, आणि पंचनाम्यात नोंद.

"हा नानांचा आहे हो!"

"सर, आरोपीसमोर टेबलावर होता. आता कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. आणि उद्या रविवार होता.

रविवारी सकाळी वहिनी नवं लुगडं नेसून, हातात आहेराची पिशवी घेऊन आवारात आल्या. मी धीर करून सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त व्हॅनकडे पाहत राहिल्या आणि पदरानं डोळे टिपले. वर्षभराची वाट आणि सगळ्या भावकीत गेलेला तो शब्द! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नाना म्हणाले, "स्टार्टर कशाला पायजे? चार मानसं असली की झालं."

वहिनींनी डोळे पुसले, व्हॅनमध्ये चढून बसल्या आणि खिडकीतून बोट दाखवलं. "तुमी. आन् त्यो लाख लावनारा."

मी, मुद्देमाल कारकून, तो मोटारसायकलवाला शिपाई आणि चहावाला, असे चौघं मागे लागलो. गेटातून बाहेर, बाजारपेठेतून, भाजीवाल्यांच्या मधून. लोक उभे राहून पाहत होते. कुणीतरी मोबाईल काढला. "दुसऱ्यात टाका, क्लच सोडा!" शिपाई ओरडला. व्हॅननं दोन आचके दिले, काळा धूर थेट माझ्या तोंडावर सोडला आणि गुरगुरायला लागली. नानांनी हात बाहेर काढून हलवला. श्रीरामपूर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, एवढं एकच बंधन होतं.

पुढे या प्रकरणात शिक्षा झाली, स्टार्टर रीतसर सुपुर्दनाम्यावर सुटला. मला मात्र एक धडा कायमचा मिळाला. माणूस कशाकशाला धजावतो हे विचारत आम्ही पोलीस आयुष्य घालवतो. त्यापेक्षा तो कशाला अजिबात हात लावणार नाही, हे शोधावं. ती एक गोष्ट चोराकडेही असते आणि तिथे तो खोटं बोलू शकत नाही. निवृत्त झाल्यावर मीही एक जुनी व्हॅन घेतली आहे. पार्ट शनिवारीच आणतो. घरात मात्र रविवारी घेतो, कारण आमच्याकडेही एक वहिनी आहेत.

त्या रविवारी संध्याकाळी ठाण्यातला फोन वाजला. मागे सनई चालू होती.

"साहेब, पोचलो बरं का! मांडवाच्या दारातच उभी केली गाडी. समद्यांनी बघितली. नानांनी तोऱ्यात चावी फिरवली आन् इंजान बंद केलं."

"अहो, बंद केलं? मग आता परत कशा येणार?"

वहिनी खळखळून हसल्या. इतकं मोकळं हसणं मी ठाण्याच्या फोनवर कधी ऐकलं नव्हतं.

"आता निघतोय की! दादा लावलाय धक्क्याला."