फणसवाडीचे पाहुणे

अप्पा गेल्याची तार मिळताच वसंतकाका मुंबईहून आले. दिवसकार्य झाल्यावर, निघायच्या आधी त्यांनी मला ओसरीवर गाठलं. "सुमे, दादा रिटायर झाल्यावर मुंबईला का नाही गं आला? फणसवाडीची खोली त्याचीच होती. मी कधी नाही म्हटलं होतं?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्याला आता महिना झाला, पण तो प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही... उत्तर मला ठाऊक आहे, आणि तोंडावर सांगवलं नाही. हे छापून आलं तर काका वाचतीलच. वाचोत.

अप्पांचा जन्म त्या खोलीतला, माझाही. मी लहान असतानाच अप्पांची रेल्वेच्या कचेरीतून जबलपूरला बदली झाली. खोली धाकट्या भावाच्या हवाली केली आणि 'दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न' म्हणत आम्ही तिथलेच झालो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली. अप्पा आईला आणि मला घेऊन मुंबईला निघाले. काम एकच होतं. आता आम्ही परत येतोय, हे काकांना सांगायचं.

पण सांगतील तर शपथ. रोज सकाळी चहा झाला की चपला सरकवायच्या आणि आम्हाला घेऊन बाहेर पडायचं. गिरगाव झालं की परळ, परळ झालं की दादर. एका जागी बूड टेकायचं नाही. "इथल्या इराण्याकडे आम्ही पाव-मस्का खायचो," म्हणून दाखवायला न्यावं, तर तिथं कापडाचं दुकान. आई वैतागली. "अहो, माणसं भेटवा. भिंती काय दाखवताय?" मला तर ते सगळं परक्याच्या घरातल्या भांड्यांसारखं वाटत होतं, हात लावताना बिचकायला व्हायचं. आपल्या जन्मगावाची काही ओळख पटेल अशी आशा होती. पटली नाही, आणि त्याचा मला रागच आला.

लालबागला एका सभेत थांबलो. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा अप्पांनी अशी दिली की गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. शेजारच्या गिरणी कामगाराला कौतुक वाटलं. "खंयसून इलात, काका?" त्यानं विचारलं.

"जबलपूरहून," अप्पा म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे... इथलाच. फणसवाडीचा."

"बरां, बरां," म्हणत तो पुढे सरकला. अप्पा पुढची घोषणा द्यायची विसरले.

शेवटच्या दिवशी वळकट्या बांधून झाल्या. अप्पा खुर्चीत पुढे सरकून बसले, घसा खाकरला. "वसंता, तुझ्याशी जरा..." एवढं बोलले, तोच काकू आतून तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आली. तिनं पाट मांडला. "बसा जाऊबाई, ओटी भरते." आई त्या घरची थोरली सून. काकू लग्न होऊन आली, तेव्हा त्याच उंबऱ्यावर माप ठेवलं होतं ते आईनं. आणि आज आईचीच ओटी भरून पाहुणीसारखी पाठवणी होत होती. काकूच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनं मुकाट्यानं पदर पसरला.

"काय म्हणत होतास, दादा?" काकांनी विचारलं.

"काही नाही रे. पत्र टाकत जा."

स्टेशनवर आई म्हणाली, "प्रेमानं भरली हो तिनं."

"तेच तर," अप्पा म्हणाले. "भांडली असती तर बोललो असतो."

जबलपूरच्या आमच्या भाड्याच्या घरात तोवर भिंतीला एक खिळा नव्हता. कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला बांधलेलं. 'जायचंच आहे, कशाला भिंत खराब करा,' असं अप्पाच म्हणायचे. परतलो त्याच सकाळी त्यांनी शेजारून हातोडी मागून आणली. आई म्हणाली, "घरमालक बोलेल." "बोलू दे. आता इथंच राहायचंय," म्हणत त्यांनी दाराशेजारी खिळा ठोकला आणि डोक्यावरची काळी टोपी त्याला अडकवली. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि घरी येऊन टोपी त्याच खिळ्याला लावली.

ती अजून तिथंच आहे. महिन्यापूर्वी निघताना, टांगा दाराशी आला तेव्हा काकांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "ही मला दे. दादाची आठवण म्हणून खोलीत लावतो. निदान ती तरी मुंबईला राहील."

मी दिली नाही.