नळ बघून निवडलेलं हॉटेल

पुण्यामुंबईच्या वाचकांना हसायचं असेल तर त्यांनी सुरुवातीलाच हसून घ्यावं. मोठ्या शहरातल्या बड्या हॉटेलात राहून आल्याची ही हकिकत आहे आणि ते शहर नांदेड आहे. आम्ही चाकूरचे. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, सरकारी पाट्यांवरचा रंग अजून ओला वाटावा इतका नवा. पण आमच्या लेखी जिल्हा वेगळा आणि शहर वेगळं. शहर म्हणजे जिथं रेल्वेचं मोठं स्टेशन आहे, नदीवर पूल आहे आणि नळाला पाणी आहे.

भर उन्हाळ्यात, सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं निघालो. आई चाकूरच्या दवाखान्यात नर्स होती. दादा, म्हणजे माझे वडील, सोसायटीत लिखापढीचं काम करत आणि शक्यतो बोलत नसत. मी नुकतीच बी.एड. होऊन नोकरीची वाट बघत होते. दादांच्या एकुलत्या एका बहिणीच्या, सुमनआत्याच्या मुलीचं लग्न होतं. आत्याचं नांदेडात स्वतःचं घर होतं आणि तरीही आम्ही हॉटेलात उतरणार होतो. आमच्याकडं सोयरे असताना लॉजवर उतरणं म्हणजे चारचौघांत नाक कापणं. आईला नेमकं तेच करायचं होतं.

कारण आदल्या उन्हाळ्यातलं. पाऊस लागोपाठ रुसलेला, विहिरींचे तळ दिसत होते आणि टँकर मनात येईल तेव्हा येई. अशात आत्या माहेरपणाला आली. आईनं तिला अंघोळीला अर्धी बादली पाणी दिलं आणि लोखंडी घमेल्यात बसून न्हायला सांगितलं, म्हणजे सांडलेलं पाणी म्हशीला होईल. आमच्या घरी सगळेच तसे न्हात होतो. पण आत्या नांदेडच्या नळाखाली न्हाणारी. ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत गेली आणि सगळ्या सोयऱ्यांत सांगत सुटली की भावाच्या घरी मला म्हशीच्या पाण्यात न्हाऊ घातलं. हे आईच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता तिच्या घरचं पाणी माझ्या नरड्याखाली उतरायचं न्हाई." त्या दिवसापासून दादांनी घरात बहिणीचं नाव काढलं नाही. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. बायको आणि बहीण यांच्यामध्ये उभं राहायचं तर मुकं राहावं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं असावं. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

लग्नाला जाणं तर भाग होतं. नवरीच्या पाठीशी मामा लागतो. आणि आमच्या घराण्यात हळदीच्या नाहाणाचं पहिलं पाणी मामीच्या हातचं असतं. मामा येतील, पण मामीचं काय, हे आत्याच्या आवतनात (निमंत्रणात) नव्हतं आणि आईनं विचारलं नाही.

मग हॉटेलचा शोध सुरू झाला. दादांनी दबक्या आवाजात गुरुद्वाऱ्याजवळच्या धर्मशाळेचं नाव काढलं. आई म्हणाली, फुकटात राहायला आपण यात्रेकरू न्हाई. तिची भिशी लागली होती आणि ती तिला एका दणक्यात उडवायची होती. दवाखान्यात औषधांची बॅग घेऊन एक विक्रेता येई, गावोगावच्या लॉजांत त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, स्टँडजवळच्या लॉजात ढेकणांशी ओळख होईल. त्यापेक्षा दोन नवी हॉटेलं झालीत, गालिचा आहे, लिफ्ट आहे, तिथं बघा. आईनं त्याला गालिच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. नळाला धार कशी आहे, ते विचारलं. त्यानं कपाळाला हात लावला.

अहमदपूरला गाडी थांबली. स्टँडवरच्या हॉटेलात आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना तिखट फोडणी देऊन करतात तो पदार्थ) खाल्ला. भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, 'पाणी चहाबरोबरच मिळेल'. म्हणून चहाही घेतला. पुढं दोन्हीकडं काळं रान, भेगा पडलेलं, मधूनच रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं, बायकांच्या डोक्याला ओली फडकी. तरी कुठं कुठं नांगरून ठेवलेलं शेत दिसे. पाऊस येणारच म्हणून कुणीतरी रान तयार ठेवलं होतं. ते बघून बरं वाटलं.

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं आईला विचारलं, "नांदेडात कुणाकडं म्हणायचं?"

"हॉटेलात."

"का बरं? सोयरं न्हाई का कुणी?"

आईनं खिडकीबाहेर बघितलं. दादांनी उगाच तिकिटं काढून पुन्हा खिशात ठेवली. म्हातारा समजूतदार होता, त्यानं तंबाखू मळायला घेतली.

गोदावरीच्या पुलावर गाडी आली तशी सगळी गाडी एका बाजूला झुकली. नदी आटून एका काठाला लागली होती, पण पाणी होतं. म्हशी बसल्या होत्या त्यात. आई बराच वेळ मान वळवून बघत राहिली.

पहिलं हॉटेल खरंच चकचकीत होतं. दारात आरसे, गादीवर मखमली चादर. लोक गादी दाबून बघतात. आई थेट न्हाणीघरात गेली आणि तिनं नळ सोडला. आधी खाकरल्याचा आवाज आला, मग करंगळीएवढी धार. "चला," आई म्हणाली. तिथला माणूस गुलाबी पडदे दाखवतच राहिला.

दुसऱ्या हॉटेलात आम्ही लिफ्टनं वर गेलो. दादांनी डोळे मिटून घेतले होते. नळ सोडला तर पाणी असं उसळलं की आईचा पदर भिजला. न्हाणीघरात पांढराशुभ्र टब होता, माणूस आडवा झोपेल एवढा. आईनं तो डोळे भरून बघितला आणि म्हणाली, हेच.

मी गच्चीवरून शहर बघून आले तोवर आईनं जे करायचं ते करून ठेवलं होतं. टब काठोकाठ भरलेला. बादल्या भरलेल्या. पाण्याचा जग, पेले, फुलदाणी, बर्फ आणून देतात ते स्टीलचं भांडं, सगळं भरलेलं. आमच्या गावात नळ आला की जे हाती लागेल ते भरायचं, मग विचार करायचा. टॉवेल द्यायला मॅनेजर स्वतः आले होते. हैदराबादकडचे, टाय लावलेले, अतिशय अदबीचे गृहस्थ. ते बघतच राहिले. "मॅडम, पानी चौबीस घंटे रहता. कायकू (कशासाठी) भर रहे?"

"असू द्या," आई म्हणाली. "नळाचा काय भरवसा."

त्या टबात उतरून न्हायचं मात्र तिच्यानं झालं नाही. कोपऱ्यात उकिडवी बसून तिनं मगानं अंगावर पाणी घेतलं. संध्याकाळी खाली जेवायला गेलो. सूप नावाचं पाणीदार वरण आधी आलं, मग बिर्याणी आली, ती मात्र फर्मास होती. सगळीकडं मऊ उजेड, खुर्च्यांना गाद्या. आई ताठ बसली होती. आपण इथं जेवतोय हे नणंदेच्या कानावर जावं ही तिची इच्छा होती आणि ते जाणारच होतं. पण तिचा चेहरा काही जिंकलेल्या माणसाचा दिसत नव्हता. दादांनी निम्मी बिर्याणी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हळद. दादा सकाळीच एकटे आत्याकडं गेले आणि थोड्याच वेळात घामाघूम होऊन परत आले. मोहल्ल्याला पाणी चढवणारी मोटर जळली होती. आदल्या दिवसापासून नळ कोरडे. घरात लग्नाचा गोतावळा, टँकरचा पत्ता नाही, रतनाला, म्हणजे नवरीला, हळद लावून झालेली आणि नाहाणाला पाणी नाही. स्वयंपाकापुरतं शेजाऱ्यांनी दिलं होतं. एवढं सांगून दादा न्हाणीघराच्या दाराशी उभे राहिले आणि टबाकडं बघत राहिले.

"तिनं मागितलं का?" आईनं विचारलं.

"न्हाई. ती मागायची न्हाई."

आई पलंगावर बसली. उठली. पुन्हा बसली. मला वाटलं, आता ही काहीतरी कडू बोलणार, आणि मी मनातल्या मनात तिच्यावर चिडूनही ठेवलं. ती म्हणाली, "मग जा आन् रतनाला हितं घेऊन या. पहिलं पाणी मामीचं असतंय. तिच्या मागण्याची वाट काय बघायची?"

दादा जिन्यानं धावत गेले. लिफ्ट त्यांना सुचलीच नाही.

पिवळीधमक नवरी, दोन करवल्या आणि मागं सुमनआत्या अशी वरात त्या गालिच्यावरून आली तेव्हा मॅनेजर टाय सावरत बाजूला झाले. आत्या दारातच थबकली. "चपला काढू का?" असं तिनं कुणाकडंही न बघता विचारलं. आई रतनाला हात धरून आत घेऊन गेली. गरम नळ, गार नळ, इसण (कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी) हातानं बघून तिनं पहिला तांब्या रतनाच्या डोक्यावर ओतला, मग दुसरा, मग मोजायचंच सोडून दिलं. रतना टबात बसून हसत होती. करवल्यांनी गाणं धरलं. त्या सगळ्या गडबडीत आई आणि आत्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रतनाला बाहेर नेलं. टबात हळदीचं पाणी राहिलं. आत्या वाकून बूच ओढायला गेली आणि आईनं तिचं मनगट धरलं.

"थांबा. सांडताव का ते?"

"वैनी, हाटेल हाय हे. हितं पाण्याची काय फिकर?"

"माझ्या हाताला सांगा ते," आई म्हणाली आणि मगानं ते पाणी बादलीत उपसू लागली.

मी टॉवेल घेऊन दाराशी उभी होते. आत्या नुसती बघत राहिली. आईचा हात सवयीनं चालत होता, एक थेंब बाहेर पडत नव्हता. आत्या हळूच म्हणाली, "वैनी, मी आलते त्या दिवशी... तुमी न्हाल्या होत्या का?"

आई उपसत राहिली. उत्तर मला माहीत होतं. त्या दिवशी घरात तेवढीच बादली होती. तिचं निम्मं आत्याला दिलं आणि निम्मं पिण्यास्वैपाकाला ठेवलं. आईला कुणापुढं आपली टंचाई सांगायची लाज वाटते, तिचा तो स्वभावच आहे.

"मला वाटलं, तुमी मला परकी केली," आत्या म्हणाली.

"परकी असतीस तर तांब्याभर दिलं असतं, सुमन." आयुष्यभर तिला 'सुमनबाई' म्हणणाऱ्या आईनं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "अर्धी बादली घरच्याच माणसाला देतेत."

आत्या मटकन खाली बसली. रडली थोडी. मग नाक पुसून, नवी साडी खोचून तिनं दुसरा मग घेतला. दोघी उपसू लागल्या. बादल्या भरल्यावर त्या लिफ्टनं खाली नेल्या आणि हॉटेलच्या दारातल्या सुकलेल्या पेरूच्या आळ्यात रिकाम्या केल्या. मॅनेजर मागून "हमारे पास माली है, मॅडम" म्हणत आले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी मुकाट्यानं दार धरून ठेवलं. टबाला पिवळा थर बसला होता, तो दोघींनी स्वयंपाकघरातून लिंबं मागवून घासून काढला. मॅनेजरांना तपासायलाही बोलावलं.

संध्याकाळी लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, रतनाच्या पाठीशी दादा उभे राहिले. जेवणं छान झाली, वांग्याच्या भाजीला तिखट जरा जास्त होतं.

सकाळी सामान घेऊन आम्ही हॉटेल सोडलं आणि स्टँडवर जायच्या आधी आत्याच्या घरी गेलो. मोटर अजून दुरुस्त झाली नव्हती. अंगणात भगुनी (मोठी पातेली) उपडी पडलेली. आत्या गडबडली, चहा करते म्हणाली, शेजारी दूध आणायला कुणाला तरी पिटाळू लागली. आई उंबऱ्याच्या आत चटईवर बसली.

"चहा राहू दे," ती म्हणाली. "पाणी दे प्यायला."

आत्यानं माठ तिरपा केला. पेला पुरता भरला नाही. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि खाली ठेवेपर्यंत तोंडापासून दूर केला नाही. दादा दारातून अंगणात गेले आणि उगाच आभाळाकडं बघत उभे राहिले.

परतीच्या गाडीत खूप ऊन होतं. बड्या हॉटेलात राहिल्याचं चाकूरला गेल्यावर कसं सांगायचं, गालिच्यापासून सुरुवात करायची की लिफ्टपासून, याची मी जुळवाजुळव करत होते. आज इतक्या वर्षांनी वाटतं, आईला राग दाखवायला जागा हवी होती आणि तिनं निवडताना जागा निवडली ती मात्र भरपूर पाण्याची. माणूस रागात असला तरी त्याचा हात आपल्या सवयीनंच निवड करतो.

लोहा मागं पडलं तसे दादा बोलायला लागले. सुमी लहान असताना करडईच्या रानात कशी हरवली होती, मग ती जात्याजवळ झोपलेली कशी सापडली, तिला विहिरीची भीती कशी वाटायची, पहिल्यांदा नांदेडला नांदायला जाताना ती कुणाच्या गळ्यात पडून रडली. वर्षभर अडवून धरलेलं सगळं. सुमी म्हणाली, सुमीनं केलं, सुमी अशी. आई ऐकत होती, मधूनच एखादं नाव दुरुस्त करत होती. अहमदपूर आलं आणि गेलं. चाकूरचा स्टँड दिसला, कंडक्टरनं घंटी मारली, तरी दादांचं चालूच.

आईनं पिशवी उचलली. "उतरा आता," ती म्हणाली. "राहिलेलं घरी सांगा. मी ऐकते."